अण्णांचा बांगडा

पथ्य सांगणे सोपे असते; ते वृद्धांच्या ताटाशी जुळवणे अवघड. बजाजनगरात तीस वर्षे व्यवसाय करूनही हा धडा मला मालवणला मिळाला, तोही स्वतःच्या चुकीतून.

आमचे अण्णा मूळचे मालवणचे. वाळूजच्या कारखानदारीने त्यांना मराठवाड्यात आणले. पण जिभेने किनारा सोडला नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तदाब आधीपासून होताच. मी मीठ कमी केले आणि त्यासोबत मासेही बंद केले. ते एवढेच म्हणाले, "दर्यातलो मासो खारट नसता रे!" मी हसून सोडून दिले. बोलणे मात्र शास्त्रशुद्ध होते. मीठ असते ते सुक्या बांगड्यात, खाऱ्यात, लोणच्यात आणि पापडात. ताज्या बांगड्यात आणि तारलीत तर हृदयाला हितकर अशी ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात.

पुढल्या हिवाळ्यात आमचे शेजारी दांपत्य पाहुणे म्हणून सोबत आले आणि आम्ही मालवण गाठले. पहाटे किनाऱ्यावर मासळीची जाळी सुटत होती. अण्णांनी स्वतः कल्ले उचलून, डोळे पाहून बांगडे निवडले. मग पिशवी घेऊनच आम्ही सिंधुदुर्गाच्या होडीत चढलो. 1664 साली कुरटे बेटावर शिवरायांनी या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. आमची होडी इंजिनाची होती. अण्णा मात्र लहानपणच्या शिडाच्या होड्यांच्या गोष्टी पाहुण्यांना सांगत होते. किल्ला पाहून परतेपर्यंत तीन तास गेले. पिशवी होडीत, उन्हात. बर्फ घ्यायचे मला सुचलेच नाही.

दुपारी नातेवाइकांकडे तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, भात, सोलकढी. पाहुण्यांनी आग्रहाने आणलेली ज्वारीची भाकरीही पानात होती. अण्णा दोन वर्षांत इतके जेवले नव्हते. अर्ध्या तासात शेजाऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले. पाठोपाठ अण्णांनाही तेच; वर छातीत धडधड. माझे हात गार पडले. आम्ही तडक दवाखाना गाठला. इसीजी पूर्वीसारखाच होता. औषध दिले, दोघांना देखरेखीखाली ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत सारे निवळले.

दोष माशाचा नव्हता, माझा होता. बांगडा, तारली, कुपा हे मासे थंड राहिले नाहीत, तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. शिजवल्याने ते नष्ट होत नाही आणि वास, चव पुष्कळदा नेहमीसारखीच असते. म्हणून "नीट उकळले आहे" या समाधानात राहू नका. मासे घेतल्या क्षणापासून बर्फात ठेवा. खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, डोकेदुखी, खाज, धडधड, जुलाब अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवा. हृदयरोगी असेल किंवा धाप लागली तर क्षणही दवडू नका. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा "मासे बंद" म्हणणारच होतो. अण्णांनी माझ्याकडे नुसते पाहिले. चूक मी करायची आणि शिक्षा त्यांनी भोगायची, हे त्या नजरेत वाचले आणि शब्द गिळला.

त्यानंतर घरात नियम ठरले. मासा बर्फातलाच. सुके मासे नाहीत. कवळीमुळे टाळूला काटा कळत नाही, म्हणून काटे सूनबाईने आधी काढायचे, आणि जेवताना अण्णांशी कोणी गप्पा मारायच्या नाहीत. या अखेरच्या नियमावर त्यांची तक्रार कायम राहिली.

पुढे ते तीन वर्षे होते. दर रविवारी बजाजनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात तिरफळांचा वास दरवळे. आपल्या घरच्या वृद्धांचा एखादा पदार्थ तुम्ही बंद केला असेल, तर एकदा आपल्या डॉक्टरांना विचारा: बंद करायचा आहे तो पदार्थ, की आपला निष्काळजीपणा?