मरणाचं सोंग

स्वीडनचा घोस्ट हा बँड रंगमंचावर चक्क चर्च उभं करतो. गायक टोबियस फोर्ज पोपचं सोंग घेतो, वादक मुखवट्याआड. २०१८ चा त्यांचा 'प्रीक्वेल' हा अल्बम मध्ययुगीन युरोपातल्या प्लेगवर बेतलेला आहे. त्यातलं 'डान्स मकाब्र' म्हणजे मरण दारात उभं असताना नाचणाऱ्यांचं गाणं. आईच्या मते, सगळं अभद्र.

२०२१ च्या मे महिन्यात साताऱ्यात आजी कोविडने गेली. मी मँचेस्टरमध्ये. अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिले. पीपीई किटमधली चार माणसं, एकाचाही चेहरा दिसत नव्हता. मध्येच नेटवर्क गेलं. नंतर त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोललंच नाही. मीही लॅपटॉप उघडून कोड लिहीत बसलो.

एप्रिल २०२५ मध्ये घोस्टचा दौरा मँचेस्टरपासूनच सुरू झाला. दारातच प्रत्येकाचा फोन छोट्या पिशवीत घालून कुलूपबंद केला. पिशवी आपल्याजवळ, पण उघडता येत नाही.

शेवटाकडे 'डान्स मकाब्र' सुरू झालं. समोर पुन्हा चेहरे नसलेली माणसं आणि मरण. पण या वेळी मध्ये स्क्रीन नव्हती. आजूबाजूला हजारो लोक नाचत होते. मीही नाचलो, आणि नाचता नाचता चार वर्षांनी आजीसाठी रडलो. कुणी वळूनही पाहिलं नाही. सोंग आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच तिथे रडायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. म्हटलं, "आजीच्या त्या दिवसाचं सांग ना."

ती तासभर बोलत होती.