मैदानातली खेळणी आणि आपली कंबर

आज पिकाचं नाही, ओझ्याचं लिहितोय.

आमच्या गावच्या शाळेत सी-सॉ, घसरगुंडी आणि गोल फिरणारं चक्र आहे. तिन्ही म्हणजे आपल्याच शेतातली अवजारं. पोरं त्यावर खेळतात, आपण मात्र तीच कामं कमरेच्या जोरावर करतो.

सी-सॉ बघा. २० किलोची पोरगी टोकाला बसली आणि ४० किलोचा दादा मधल्या टेकूपासून निम्म्या अंतरावर बसला, की फळी समतोल. पुस्तकात हिला तरफ म्हणतात, शेतात पहार. नांगरटीत वर आलेला धोंडा हलवायचाय? ५ फुटी पहारीखाली टेकूचा दगड धोंड्यापासून अर्ध्या फुटावर ठेवा. हाताकडे साडेचार फूट राहतात, म्हणजे ९ पट. ४० किलोचा जोर दिला की ३६० किलोचा भार उचलतो. पण फुकट काही नाही. हात १८ इंच खाली गेला तर धोंडा २ इंचच वर येतो. वर आला की खाली लहान दगड सरकवायचा, तोही काठीनं. हात घालायचा नाही.

घसरगुंडी म्हणजे उतरण. ट्रॉली ३ फूट उंच, फळ्या १२ फूट लांब, तर जोर चौथा हिस्सा. २०० लिटर डिझेलचा भरलेला ड्रम १८० किलोच्या आसपास असतो, तो ४५ किलोच्या जोरानं वर लोळत जातो. दोन दोरांची टोकं ट्रॉलीला बांधून, ड्रमखालून घेऊन वरून दोघांनी ओढलं तर जोर अजून निम्मा. ड्रमच्या खालच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही, दोर सुटला तर तो थांबत नाही.

चक्र कडेला धरून एकटं पोर फिरवतं, मधल्या दांड्याजवळ धरलं तर मोठा माणूस दमतो. हातानं चालवायच्या कडबा कुट्टीचं चाक मोठं असतं ते त्यासाठीच.

५० किलोची गोणी एका दमात पाठीवर घेतली की आपल्याकडं शाबासकी मिळते. पण पन्नाशीच्या आत कमरेला पट्टा बांधलेले गावात किती आहेत, ते एकदा मोजा. मजूर मिळत नाही म्हणून बायकापोरंही आता ओझी उचलतात. वाकणार नाहीत अशा दोन जाड फळ्या, दोर आणि पहार ट्रॉलीत कायम असू द्या.

ओझं हलवायची तुमची युक्ती असेल तर खाली जरूर लिहा.