मधल्या जागेचं भाडं

संगणकाच्या मेमरीत दोन शेजारणी वर्षानुवर्षं नांदताहेत. डीरॅम वेगवान, पण महाग आणि वीज गेली की पाटी कोरी. नँड फ्लॅश स्वस्त, लिहिलेलं जपणारी, पण शेकडो पटींनी मंद. मधली जागा रिकामी आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. इंटेल आणि मायक्रॉनने जुलै २०१५ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट जाहीर केली ती याच जागेसाठी. नँडच्या हजारपट वेग, हजारपट टिकाऊपणा, डीरॅमच्या दहापट घनता, असे दावे होते. ऑप्टेन या नावाने ती विकली गेली आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने ५५.९ कोटी डॉलरचा साठा बुडीत धरून धंदा गुंडाळायला घेतला. दावे फुगवलेले होते हे खरंच, तरीही हातात आलेला माल नँडपेक्षा कितीतरी चपळ होता. माझ्या मते ऑप्टेनला वेगाने दगा दिला नाही, दर बिटमागच्या खर्चाने दिला.

वेफरवर, म्हणजे चिप जिच्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, किती प्रक्रिया कराव्या लागतात यावर तिचा खर्च ठरतो, आणि तिच्यातून किती बिट निघतात यावर बिटचा भाव. थ्रीडी नँडची खरी करामत इथेच आहे. ऑक्साइड आणि नायट्राइडचे पातळ थर एकाआड एक चढवत जायचं आणि मग जेमतेम शंभरेक नॅनोमीटर रुंद, पण कित्येक मायक्रोमीटर खोल भोक सगळ्या थरांतून एका दमात कोरायचं. भोकांच्या जागा छापण्याची महागडी लिथोग्राफी थरागणिक करावी लागत नाही. म्हणून तर २०१३ मधले २४ थर २०२२ पर्यंत २३२ झाले. एवढी उंची दोन टप्प्यांत गाठावी लागते, पण दोनच. शिवाय एका पेशीत तीन-चार बिट बसवता येतात. क्रॉसपॉइंटमध्ये एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या तारा असतात आणि प्रत्येक छेदावर एका बिटची पेशी. वरचा मजला चढवायचा तर तारा पुन्हा छापा, पुन्हा कोरा. म्हणजे बिट वाढले तसा लिथोग्राफीचा खर्चही वाढला. पहिल्या पिढीत दोन मजले होते, दुसरीत चार. तोवर नँड शंभरी ओलांडून गेली होती.

खप वाढला असता तर भाव उतरला असता, असं यावर म्हटलं जातं. उतरला असताही, पण खप वाढायला आधी भाव उतरायला हवा होता. क्रॉसपॉइंट बनवणारा मायक्रॉनचा युटामधल्या लेहीचा कारखाना अर्धवट चालत राहिला; रिकाम्या क्षमतेपायी वर्षाला ४० कोटी डॉलरहून जास्त भुर्दंड पडतोय, असं मायक्रॉनने २०२१ मध्ये सांगितलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंटेलने ऑप्टेनची मेमरी मॉड्यूल स्वतःच्याच प्रोसेसरला जखडून ठेवली. ही चूक मला मान्य आहे. पण ती मॉड्यूल एप्रिल २०१९ मध्ये आली तेव्हा आदल्या वर्षीची तेजी ओसरून डीरॅमचे भाव कोसळत होते. मधल्या जागेचं भाडं तिथला भाडेकरू ठरवत नाही, दोन्हीकडच्या शेजारणी ठरवतात.

मग एचबीएम, म्हणजे एकावर एक रचलेल्या डीरॅम चिपची मेमरी, इतकी महाग असून हातोहात कशी खपते? तेवढ्याच बिटांसाठी तिला डीडीआर५ या साध्या डीरॅमच्या साधारण तिप्पट वेफर लागतात. पण तिची पेशी डीरॅमचीच. सगळी कारागिरी आधीच हातात आहे, आणि उद्या मागणी आटली तर त्याच वेफर साध्या डीरॅमकडे वळवता येतील. क्रॉसपॉइंटला अशी माघारीची वाट नव्हती. गंमत अशी, की एआय सर्व्हरच्या मागणीने २०२५ च्या अखेरीस डीरॅमचे भाव भडकले आणि मधल्या जागेला परवडेल असं भाडं आलं. तोवर लेहीचा कारखाना ९० कोटी डॉलरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे जाऊन तिथून अ‍ॅनालॉग चिप बाहेर पडू लागल्या होत्या.