पायाचा दगड

आमच्या कॉलेजांत दरवर्षीं संस्थापकांचा स्मृतिदिन साजरा होतो. त्या दिवशींचें भाषण, आमचा आवाज मोठा व संस्कृत वचनांचा सांठा बरा म्हणून, गेलीं बारा वर्षें आमच्याच वांट्यास येत आहे. तसबिरीला हार घालावा, कर्णापासून भामाशापर्यंत दात्यांची नामावळी म्हणावी आणि टाळ्यांच्या गजरांत खालीं बसावें, हा आमचा क्रम. गेल्या वर्षीं भाषण आटोपून आम्ही खोलींत आलों, तों एक विद्यार्थी दारांत उभा. "सर, आमच्या आजोबांची जमीन ज्या सावकाराकडे बुडाली, ते हेच," एवढेंच तो शांतपणें म्हणाला. आम्ही "बरें, पुढें पाहूं" असें कांहीं तरी पुटपुटलों आणि घड्याळाकडे पाहिलें. नमस्कार करून तो निघून गेला.

तें घड्याळाकडे पाहणें आम्हांस सलत होतें. अशा मनःस्थितींतच उन्हाळ्याच्या सुटींत कन्येकडे शिकागोस जाण्याचा योग आला. शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या कांठीं, एव्हॅन्स्टन नांवाचें उपनगर आहे. तेथें फिरतां फिरतां मेथडिस्ट पंथाचें एक जुनें प्रार्थनामंदिर लागलें. इमारत १९११ सालची, गॉथिक धाटणीची. पाय दुखत होते म्हणून आम्ही जवळच टेंकलों. आणि पुढें घरीं जाऊन त्या मंडळीचा इतिहास वाचून काढला.

मेथडिस्ट हा शब्द मूळचा थट्टेचा. अठराव्या शतकांत ऑक्सफर्ड येथें वेस्ली बंधु व त्यांचे सोबती प्रार्थना, उपवास, तुरुंगांतील कैद्यांची भेट, सारें कसें नेमानें करीत. म्हणून इतर विद्यार्थी त्यांना त्या नांवानें चिडवीत. त्याच पंथाच्या शिकागोंतील नऊ गृहस्थांनीं १८५० सालीं एका वकिलाच्या कचेरींत जमून विद्यापीठ काढण्याचें ठरविलें. तेंच आजचें नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ. १८५३ मध्यें त्यांनीं सरोवराकांठची ३७९ एकर जमीन घेतली. १८५४ मध्यें गांवाची आखणी झाली आणि त्याच वर्षीं ही मंडळीहि स्थापन झाली. आपल्याकडे बहुधा गांव आधीं व शाळा कितीतरी पिढ्यांनीं. येथें गांव, मंदिर व विद्यापीठ हीं जवळजवळ तिळीं भावंडें. विद्यापीठाभोंवतीं चार मैलांच्या आंत दारू विकूं नये, असें कलम १८५५ मध्येंच सनदेंत घालण्यांत आलें. आणि गांवांतील दारूबंदी १९७२ पर्यंत टिकली.

या गांवाशीं आपलाहि एक धागा जुळलेला आहे. मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड येथेंच राहिल्या. पंडिता रमाबाई १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांचा विलर्डबाईंशीं स्नेह जडला; आणि १८८९ च्या त्यांच्या प्रवासवृत्तांत या संघाची हकीकत मराठी वाचकांस मिळाली. परंतु १८८८ मध्यें याच विलर्डबाई रीतसर निवडून आल्या असतांहि, केवळ स्त्री म्हणून, मेथडिस्टांच्या सर्वसाधारण परिषदेनें त्यांस आसन दिलें नाहीं. गांव पुढें, पंथ मागें, असा तो प्रकार.

मंडळी वाढत गेली. १९१८ पासून १९४९ पर्यंत अर्नेस्ट टिटल हे तिचे पाळक होते. सुखवस्तु लोकांपुढें उभे राहून ते युद्धाचा निषेध करीत आणि वर्णभेदावर प्रहार करीत. त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना त्यांचीं मतें मान्य नव्हतीं. तरीहि व्यासपीठावरून मोकळेपणानें बोलण्याचा त्यांचा हक्क मंडळीनें राखला. १९५४ मध्यें जगांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेचें दुसरें अधिवेशन या गांवीं भरलें. त्याची प्रारंभीची उपासना याच मंदिरांत झाली.

येथवर वाचून आम्ही प्रसन्न झालों होतों. मग गांवाच्या नांवाकडे लक्ष गेलें. एव्हॅन्स्टन हें नांव त्या नऊ गृहस्थांपैकीं डॉक्टर जॉन एव्हॅन्स यांचें. हे पुढें कोलोरॅडो प्रांताचे गव्हर्नर झाले. २९ नोव्हेंबर १८६४ रोजीं तेथें सँड क्रीक या ठिकाणीं शायन व अरापाहो जमातींच्या छावणीवर सैन्यानें हल्ला केला. सैन्याचें आपणांस संरक्षण आहे या भरंवशावर ते लोक तेथें राहिले होते. सुमारें २३० माणसें मारलीं गेलीं, बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध. सैन्याचा अधिकारी जॉन चिव्हिंग्टन हाहि पूर्वाश्रमीचा मेथडिस्ट धर्मोपदेशकच. एव्हॅन्स यांना १८६५ मध्यें पद सोडावें लागलें. तथापि विद्यापीठांतील त्यांचा मान कमी झाला नाहीं.

मेथडिस्टांच्या सर्वसाधारण परिषदेनें १९९६ मध्यें या हत्याकांडाबद्दल क्षमा मागितली. विद्यापीठानें विद्वानांची समिति नेमली. तिचा अहवाल २०१४ मध्यें आला. त्या हल्ल्याची पूर्वकल्पना एव्हॅन्सना असल्याचा पुरावा नाहीं; परंतु ज्या परिस्थितींतून तो घडला ती निर्माण करण्यांत त्यांचा हात होता, आणि नंतरहि त्यांनीं त्याचा निषेध केला नाहीं, असा तिचा निर्णय. दात्याचें दान व दात्याचा दोष, दोन्ही एकाच वहींत मांडलेलीं! आम्ही मनांत म्हटलें, दीडशें वर्षें लागलीं खरीं, पण मांडलीं.

परत आल्यावर त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतलें. प्रथम तो बोलेना. मग दोन तास बोलला. आम्हीं घड्याळ काढून मेजाच्या खणांत ठेविलें होतें. त्यानें आणलेले कागद वाचले; एका कागदावर त्याच्या आजोबांचा अंगठा होता.

यंदाचें भाषण लिहून झालें आहे. तसबिरीला हार आम्ही घालणारच. त्याच गृहस्थांच्या पैशानें उभ्या राहिलेल्या इमारतींत तीस वर्षें आमचें पोट भरलें, शेंकडों मुलें शिकलीं, आणि तो विद्यार्थीहि तेथेंच शिकत आहे. परंतु कर्ण व भामाशा यंदा वगळले आहेत. त्यांच्या जागीं त्या कागदांची हकीकत आली आहे. चालकांनीं भाषणाचा मसुदा आधीं पाहावयास मागितला आहे. तो उद्यां पाठवावयाचा आहे. एक ओळहि न गाळतां.