कुणाचा रे तू?

2019 साली प्रोजेक्टच्या निमित्ताने सहा महिने विगोला होतो. विगो म्हणजे गॅलिसिया, स्पेनचा वायव्य कोपरा. स्पॅनिशचा क्रॅश कोर्स करून गेलो होतो, त्यामुळे पहिल्याच मीटिंगमध्ये शायनिंग मारत एका सिनियरबद्दल "मी यांना ओळखतो" म्हणायला गेलो आणि 'साबेर' हे क्रियापद ठोकून दिलं. सगळे खो खो हसले.

'साबेर' म्हणजे माहीत असणं. पत्ता, उत्तर, झालंच तर पोहता येणं. सूप लसणासारखं लागलं तरी हेच क्रियापद, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच चव असणं! माणसासाठी मात्र 'कोनोथेर'. आपल्याकडे 'तो मला माहितीय' खपून जातं, तिथे नाही.

विगोपासून पोर्तुगाल जेमतेम 30 किलोमीटर. पोर्तुगीजमध्ये 'कोन्येसेर', गॅलिशियनमध्ये 'कोन्येथेर'. मध्ययुगात या दोघी एकच भाषा होत्या. आता एकच उच्चार पोर्तुगीज 'एनएच' लिहून दाखवतात, तर गॅलिशियनमध्ये स्पॅनिशसारखा टोपीवाला 'एन', आणि यावरून गॅलिसियात अजून भांडणं आहेत. (आपल्या शुद्धलेखनाच्या वादांची आठवण झाली ना?) माझा सगळ्यात लाडका शब्द गॅलिशियन 'सेयका'. आला 'मला माहीत आहे की' वरून, अर्थ चक्क आपलं 'म्हणे'!

तर, एका रविवारी टीममधल्या मित्राच्या गावी जेवायला गेलो. त्याच्या आजीने विचारलं, "इ ती, दे केन वेस सेन्दो?" म्हणजे, आणि तू कुणाचा? मी म्हटलं, इंडिया. आजीने मान हलवली. देश नको होता तिला, घर हवं होतं.

आमच्या कोकणात एसटीतून उतरलं की म्हातारे हेच विचारायचे, "कोणाचो रे तू?" लहानपणी भयंकर राग यायचा. मला स्वतःचं नाव नाही का? त्या दिवशी मात्र मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये आजोबांचं नाव, घर, मागची विहीर, सगळं सांगून टाकलं. आजीला त्यातलं काय कळलं देव जाणे. तिने न विचारता अजून एक डाव काल्दो वाढला.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "साहेब, कुठलं रिसॉर्ट?"

मी आजोबांचं नाव सांगितलं.

त्याने मोबाइल काढला. "लोकेशन टाका ना."