दोन ओळींचा बदल

लिनक्सचा सर्व्हर सुरू झाला की कर्नल सगळ्यात आधी एकच प्रोग्रॅम उभा करतो. त्याचा क्रमांक एक. मग डिस्क जोडणं, नेटवर्क उठवणं, डेटाबेस चालू करणं, आणि बंद करायची वेळ आली की हेच सगळं उलट्या क्रमानं आवरणं, हे त्याच्या देखरेखीखाली होतं. आज बहुतेक लिनक्सवर हा मान सिस्टमडीकडे आहे. लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी २०१० साली त्याची सुरुवात केली, २०११ मध्ये फेडोरानं आणि २०१५ मध्ये डेबियननं तो मुख्य म्हणून स्वीकारला. तो असावा की नसावा यावर पुष्कळ रणं माजली. मी त्या वादात कधी पडले नाही. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवरच्या त्याच्या जुन्या आवृत्त्या सांभाळतो, आणि ते काम मला मनापासून आवडतं.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ हे २०१९ साली आलं तेव्हा त्यात सिस्टमडीची २३९ ही आवृत्ती होती. तो आकडा पुढेही २३९च राहिला. त्याआधीच्या ७ च्या नंतरच्या आवृत्त्यांत २१९ होती. वरचा आकडा हलत नाही, पण आत एकावर एक शेकडो पॅच चढलेले असतात. बँकेला किंवा इस्पितळाला नवी सोय नको असते. काल जे चाललं ते उद्याही तसंच चालायला हवं असतं. म्हणून नव्या आवृत्तीत सुटलेला बग तेवढाच उचलायचा आणि जुन्या कोडमध्ये बसवायचा. याला आम्ही बॅकपोर्ट म्हणतो. गिटमध्ये चेरी-पिक केलं की झालं, असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात जुना कोड आणि नवा कोड यांच्यात काही वर्षांचं अंतर पडलेलं असतं, आणि त्या अंतरातच सगळी मेहनत जाते.

जुलै २०२१ मध्ये क्वॉलिसच्या संशोधकांनी सिस्टमडीतली एक त्रुटी जाहीर केली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३३९१०. मशीनवर कुठेही काही माउंट झालं की सिस्टमडी त्याचा मार्ग वाचतो आणि त्यावरून एका युनिटचं, म्हणजे तो सांभाळत असलेल्या गोष्टीच्या नोंदीचं, नाव तयार करतो. त्यासाठी मार्गाची एक प्रत लागते, आणि ती 'स्ट्रडुपा' वापरून स्टॅकवर काढली जात होती. स्टॅकची मर्यादा साधारण ८ एमबी. मार्ग बहुधा शेसव्वाशे अक्षरांचा असतो, तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. पण साध्या वापरकर्त्यालाही फोल्डरमध्ये फोल्डर करत ८ एमबीहून लांब मार्ग बनवता येतो आणि तिथे फ्यूजची फाइलसिस्टम माउंट करता येते. असं केलं की स्टॅक फुटतो, क्रमांक एकचा प्रोग्रॅम कोसळतो आणि त्याच्यासोबत अख्खं मशीन. २०१५ च्या २२० या आवृत्तीपासून हे तिथेच बसून होतं.

दुरुस्ती अगदी छोटी. 'स्ट्रडुपा'च्या जागी 'स्ट्रडप', म्हणजे प्रत स्टॅकऐवजी हीपवर काढायची, आणि फंक्शन संपताना ती मेमरी आपोआप मोकळी व्हावी म्हणून चलाच्या घोषणेत एक खूण टाकायची. २३९ वर मात्र हा पॅच सरळ बसत नव्हता, कारण लगेच खालच्या ओळीत मार्ग साफसूफ करणारं जे फंक्शन आहे ते नव्या कोडमध्ये एकच पॅरामीटर घेतं आणि जुन्यात दोन. दुसरा असतो खरं-खोटं सांगणारा. जुन्या कोडमध्ये तिथे 'फॉल्स' होतं, तेव्हा ते 'फॉल्स'च ठेवायचं. 'ट्रू' केलं असतं तरी कोड बिनतक्रार कंपाइल झाला असता, पण मार्गातले सुटे ठिपके गाळले गेले असते. सुरक्षेच्या दुरुस्तीबरोबर न मागितलेला बदलही आत शिरला असता. देखभालीतले सगळ्यात त्रासदायक बग असेच शिरतात, म्हणून रिव्ह्यू करताना मी बदललेल्या ओळींपेक्षा त्यांच्या शेजारच्या ओळींवर जास्त वेळ घालवते.

त्याच आठवड्यात २१९ वाल्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. जुनी आवृत्ती म्हणजे धोका जास्त, अशी सगळ्यांची समजूत. पण त्रुटीच मुळी २२० मध्ये आली होती. नुसतं तोंडी सांगून कोणी ऐकेना, म्हणून २१९ चा कोड उघडून ते फंक्शन आधी कसं लिहिलेलं होतं ते दाखवलं. ज्या सर्व्हरला हात लावायची गरज नाही त्याला हात लावू न देणं हेही आमचंच काम.

मूळ दुरुस्तीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बदल थोड्या ओळींचा, पण त्याच्या कमिटसोबतचं टिपण त्याहून लांब आहे: मार्गाची लांबी अमर्याद का असू शकते, हल्ला कुठल्या वाटेनं येतो, कोसळणं कुठे घडतं. आमच्याकडे नव्यानं आलेला लातूरचा एक मुलगा कमिटमध्ये फक्त 'क्रॅश फिक्स' एवढंच लिहायचा. "मॅडम, कोड तर समोर दिसतोच आहे की," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "काय बदललं ते कोड सांगतो रे. का बदललं ते तू नाही लिहिलंस तर कोण लिहिणार?" पाच वर्षांनी कुणीतरी ही ओळ अनावश्यक समजून काढायला जाईल, तेव्हा त्याला अडवायला ते टिपणच असेल.

बग कशाला म्हणायचं यावरही आमच्यात वाद होतात. जून २०२४ मध्ये आलेल्या २५६ मध्ये सिस्टमडी-टेम्पफाइल्सला 'पर्ज' हा नवा पर्याय दिला होता. नावावरून कुणालाही वाटेल की यानं तात्पुरत्या फाइली जातील. पण हे साधन तात्पुरत्या फाइलींखेरीज होमसारखे कायमचे फोल्डरही तयार करतं, आणि कुठलीही कॉन्फिग फाइल न सांगता 'पर्ज' चालवलं तर वापरकर्त्यांचा होम फोल्डरच साफ होत होता. २५६.१ मध्ये कॉन्फिग फाइलचं नाव देणं बंधनकारक केलं गेलं. कोड लिहिल्याप्रमाणेच चालत होता, तरी मी त्याला बगच म्हणेन. रात्री दोन वाजता पडद्यासमोर बसलेल्या माणसाला त्या नावावरून काय वाटेल, याचा विचार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानंच करायचा असतो.

आमच्या रांगेत सतत येणारी तक्रार मात्र याहून साधी असते: सर्व्हर रिबूट व्हायला फार वेळ घेतो. पडद्यावर लाल तारका इकडून तिकडे सरकत असतात, अमुक सेवेच्या थांबण्याची वाट पाहतोय असा संदेश असतो आणि पुढे दीड मिनिटाची मर्यादा. नव्वद सेकंद ही सिस्टमडीची मूळ मुदत. फेडोरानं २०२३ च्या ३८व्या आवृत्तीत ती पंचेचाळीसवर आणली. एका गिऱ्हाइकाच्या ॲडमिनला ती थेट दहा करून हवी होती. मी नकार दिला. त्याच सर्व्हरवर डेटाबेसही होता, आणि मुदत संपल्यावर सिस्टमडी सेवेला सरळ मारून टाकतो. लिहिता लिहिता डेटाबेस मारला गेला तर वाचलेल्या सेकंदांची किंमत सगळी रात्र मोजावी लागते.

कारण शोधायचं काम लातूरच्या त्या मुलाकडे दिलं. जर्नलमध्ये मागच्या बूटचा लॉग जपलेला होता, तो त्यानं ओळीओळीनं वाचला. गिऱ्हाइकाची एक घरगुती सेवा आपल्या फाइली एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, लिहीत होती, पण तिच्या युनिट फाइलमध्ये क्रमाबद्दल एक अक्षरही नव्हतं. त्यामुळे बंद होताना सेवा आणि माउंट या दोघांनाही एकदमच थांबायचा आदेश जाई. सेवा शेवटचं लिखाण करत असल्यामुळे माउंट सुटत नसे, त्यातच नेटवर्क निघून जाई आणि प्रक्रिया कर्नलमध्ये अशी अडकून पडे की किल सिग्नललाही दाद देत नसे. त्यानं युनिट फाइलमध्ये 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' आणि पुढे त्या फोल्डरचा मार्ग अशी एकच ओळ घातली. आता माउंट झाल्यावरच सेवा सुरू होते, आणि बंद होताना क्रम उलटा असल्यामुळे आधी सेवा थांबते, मग माउंट सुटतं, शेवटी नेटवर्क जातं. नव्वद सेकंदांच्या मुदतीला हात लावावाच लागला नाही.

त्या एका ओळीच्या कमिटला या वेळी त्यानं तीन परिच्छेदांचं टिपण जोडलं, लॉगमधल्या वेळांसकट. मी त्यातलं एक वाक्य फक्त पुढेमागे केलं. मग त्यानं आपणहून एक चाचणी लिहिली: व्हर्च्युअल मशीन उठवायचं, एनएफएस जोडायचा, त्यावर काहीतरी लिहीत असतानाच रिबूट मारायचा आणि लागलेला वेळ मोजायचा. ती आता आमच्या रात्रीच्या चाचण्यांमध्ये चालते. त्या गिऱ्हाइकाकडे अशाच लिहिलेल्या आणखी काही युनिट फाइली सापडल्या आहेत. पुढच्या देखभालीच्या रात्रीआधी त्या सगळ्या तपासून द्यायचं आम्ही कबूल केलं आहे.