प्रश्नचिन्हांची रात्र

रात्रीचे साडेअकरा. नेटबीन्स या प्रोग्रामिंगच्या साधनातलं हिरव्या त्रिकोणाचं बटण दाबलं, ग्लासफिश सर्व्हर सुरू झाला आणि ब्राउझरमध्ये ८०८० पोर्टवर आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी उमटली. या वेळी पुस्तकांची नावं मराठीत होती. बराच वेळ नुसता बघत बसलो.

आठवडाभर तिथे प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसत होत्या. फॉर्ममध्ये मराठी नाव भरावं आणि यादीत '????' परत यावं. चूक एका जागी नव्हती. मायएसक्यूएल डेटाबेसमधला तक्ता लॅटिन अक्षरसंचात बनला होता, आणि फॉर्म हाताळणारा सर्व्हरवरचा जावा कोड, म्हणजे सर्व्हलेट, त्यातली मूल्यं यूटीएफ-८ हे एन्कोडिंग न सांगताच वाचत होतं. तक्त्याचा अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ केला, सर्व्हलेटमध्ये एक ओळ वाढवली, नावं पुन्हा भरली. अक्षरं जिवंत झाली.

ज्या नेटबीन्समध्ये हे सगळं केलं, त्याचा उगम १९९६ मध्ये प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. १९९९ मध्ये सन कंपनीने ते घेतलं, २०१६ मध्ये ते अपाचे फाउंडेशनकडे गेलं. संपादक, सर्व्हर, डेटाबेस एकाच खिडकीत हाताशी असणं हे मोठं सुख. पण साधन सांगाडा उभा करून देतं. माहिती कुठून कुठे वाहते, हे आपणच पायरीपायरीने समजून घ्यावं लागतं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल काकांनी चाळीस वर्षं सुवाच्य अक्षरात पुस्तकांची नोंदवही लिहिली. त्यातलं एकही नाव माझ्या हातून प्रश्नचिन्ह होऊ नये, एवढंच आज वाटतंय.